जामीनदार

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने आम्हाला 'आठवणी लिहा' असे सुचविले होते. आठवणी पुष्कळ आहेत, आणि त्या लिहिणारे आमच्याहून अधिक अधिकारी लोकही आहेत. परंतु लेखाच्या तयारीसाठी आम्ही विद्यालयाच्या जमाखर्चाच्या जुन्या वह्या चाळावयास घेतल्या आणि मन एका वेगळ्याच विषयापाशी थबकले. त्या वह्यांतील जमेच्या बाजूला मोठ्या रकमा जवळजवळ नाहीतच. दहा रुपये, एकवीस रुपये, अर्धी गोणी तांदूळ, एका गवंड्याची दोन दिवसांची मजुरी, अशा नोंदी पानामागून पान आहेत. आणि खर्चाच्या बाजूला अधूनमधून एक वाक्य येते: 'हातउसने घेतलेले परत केले.' सिमेंटवाल्याचे, वाण्याचे, एखाद्या उपासकाचे. रक्कम कितीही लहान असो, परतफेडीची नोंद चुकलेली नाही. ज्यांच्याजवळ काहीच नव्हते अशा माणसांनी हे निवासी विद्यालय उभे केले, आणि कोणाचे काही बुडवून ते उभे केले नाही. आजच्या महाराष्ट्रात या गोष्टीचा विचार करणे आम्हाला अगत्याचे वाटते, म्हणून हा लेख ऋणाविषयी आहे. त्याहून नेमके सांगायचे तर, ऋण घेऊन ते न फेडता सन्मानाने वावरणाऱ्या राजकीय वर्गाविषयी, आणि त्यांचे न फेडलेले ऋण ज्यांच्या माथी येते त्या आपल्यासारख्यांविषयी आहे.

सातिवलीचे रूप आमच्या डोळ्यांदेखत पालटले. भातशेती आणि पाडे यांच्यामधून औद्योगिक गाळ्यांच्या ओळी उभ्या राहिल्या. मराठवाडा, विदर्भ, खानदेश सोडून आलेली आपली कुटुंबे या गाळ्यांत कामाला लागली. आमच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक माता तेथे पॅकिंगचे काम करतात. या मातांचे आर्थिक जीवन आम्ही जवळून पाहिले आहे. दहा-पंधरा जणींचा गट, गटावर मिळणारे कर्ज, आणि ठरलेल्या वारी कोणाच्या तरी खोलीत भरणारी हप्त्याची बैठक. एकीचा हप्ता आला नाही तर बाकीच्यांनी उठायचे नाही. मग कोणी शेजारणीकडून आणते, कोणी डाळीच्या डब्यातले काढते, आणि साडेपाचशे रुपये पुरे होतात तेव्हा बैठक मोडते. २०२० च्या टाळेबंदीत गाळे बंद होते, मजुरी बंद होती. तरी काम पुन्हा सुरू झाल्यावर यांतील बहुतेकींनी थकलेले हप्ते कसे फेडले, हे त्यांनाच ठाऊक. एकीने कानांतले मोडले. दुसरीने मुलीला एक वर्ष शाळेबाहेर ठेवले; ती मुलगी पुढे आपल्या वसतिगृहात आली म्हणून आम्हाला हे कळले.

आणखी एक उदाहरण आमच्या पेशातले आहे. आमचे एक सहकारी शिक्षक एका पगारदार पतसंस्थेत दुसऱ्या शिक्षकास जामीन राहिले. कर्जदाराने नोकरी सोडली आणि तो गावही सोडून गेला. पतसंस्थेने पुढच्याच महिन्यापासून जामीनदाराच्या पगारातून कपात सुरू केली. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० यात त्यासाठी तरतूद आहे; कलम ४९ अन्वये नियोक्त्याने पगारातून रक्कम कापून संस्थेकडे भरावयाची असते. त्यांनी सही केली होती, म्हणून त्यांनी तक्रार केली नाही. पण सलग चार वर्षे त्या घराची दिवाळी आणि त्यांच्या मुलीचा परिचारिका अभ्यासक्रमाचा प्रवेश, दोन्ही पुढे ढकलले गेले. कायदा किती तत्पर असू शकतो, हे आम्ही त्या पगारपत्रकावर पाहिले.

आता त्याच अधिनियमाचे दुसरे कलम पाहावे. कलम ८८ सांगते की, संस्थेच्या कारभाऱ्यांनी संस्थेचे नुकसान केले असेल तर त्याची जबाबदारी निश्चित करून ती रक्कम त्यांच्याकडून भरून घ्यावी. एकाच पुस्तकात, अवघ्या काही पानांच्या अंतराने छापलेली ही दोन कलमे आहेत. पहिले कलम शिक्षकाच्या पगारापर्यंत एका महिन्यात पोहोचते. दुसरे कलम संचालकांच्या दारापर्यंत पोहोचायला दशके लागतात, आणि पुष्कळदा ते वाटेतच थांबते.

याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे महाराष्ट्र राज्य सहकारी बँक, जिला आपण शिखर बँक म्हणतो. मे २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या आदेशावरून या बँकेचे संचालक मंडळ बरखास्त झाले व प्रशासक नेमले गेले. त्या मंडळावर राज्यातल्या जवळजवळ सर्व मोठ्या पक्षांची माणसे होती. सभागृहात एकमेकांवर तुटून पडणारे पुढारी बँकेच्या बैठकीत शेजारी शेजारी बसत. पुरेशा तारणावाचून साखर कारखान्यांना कर्जे दिली, थकलेल्या कारखान्यांनाच पुन्हा कर्जे दिली, आणि पुढे थकबाकीपोटी ताब्यात घेतलेले कारखाने कमी किमतीत विकले, असे आक्षेप नाबार्डच्या तपासणीत आणि सहकार खात्याच्या चौकशीत नोंदविले गेले. तरी गुन्हा दाखल होत नव्हता. एका जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१९ रोजी आदेश दिला, तेव्हा कोठे आठ वर्षांनी गुन्हा नोंदला गेला. सत्तरांहून अधिक लोकांची नावे चर्चेत आली. नुकसानीचा आकडा याचिकाकर्त्याच्या म्हणण्याप्रमाणे २५,००० कोटी रुपयांचा होता. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने पुरावा नसल्याचे सांगून प्रकरण बंद करण्याचा अहवाल न्यायालयात दिला. २०२२ मध्ये राज्यातील सरकार बदलल्यावर त्याच शाखेने पुढील तपासाची तयारी दाखविली. २०२४ मध्ये तिनेच पुन्हा प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. मधल्या काळात सत्तेची गणिते पुन्हा बदलली होती. सक्तवसुली संचालनालयाची कारवाई निराळी चालू राहिली. आम्ही इतिहासाचे विद्यार्थी आहोत, न्यायाधीश नाही. कोण दोषी हे ठरविण्याचा आम्हाला अधिकार नाही. परंतु कागद तेच, बँक तीच, पोलीस शाखा तीच असताना निष्कर्ष मात्र दर दोन वर्षांनी फिरतो, एवढे तर कोणालाही दिसते. 'पक्षात या आणि स्वच्छ व्हा' हा वॉशिंग मशीनचा विनोद आज नाक्यानाक्यावर सांगितला जातो. लोक हसतात, पण ज्या दिवशी लोक यावर हसू लागले, त्या दिवशी कायद्याचा धाक संपला असे आम्ही समजतो.

हे दुःख अधिक गडद होते ते सहकाराचा इतिहास ठाऊक असल्यामुळे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. त्या दंग्यांत शेतकऱ्यांचा रोख सावकारांच्या जिवावर नव्हता, तर कर्जखतांवर होता. ती कागदपत्रे हिसकावून त्यांनी जाळली. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. स्वातंत्र्यानंतर प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. सावकाराच्या फासातून कष्टकऱ्याला सोडविणे हा या सर्व परंपरेचा हेतू होता. आज कारखान्याचे भागभांडवल शासन देते, कर्जाची हमी शासन देते, कर्ज जिल्हा बँक किंवा शिखर बँक देते, आणि खुर्चीवर आमदार बसतो. कर्ज थकले की हमीची रक्कम सरकारी तिजोरीतून जाते. म्हणजे ज्या बाईने कधी ऊस पाहिला नाही, ती सातिवलीच्या दुकानात साबण विकत घेताना भरलेल्या करातून त्या कर्जाची जामीनदार झालेली असते. तिची सही कोणी घेतलेली नसते.

हा प्रश्न साखरेच्या पट्ट्यापुरता आहे असे वसईकरांनी समजण्याचे कारण नाही. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले. सहा महिन्यांत खात्यातून केवळ १,००० रुपये काढता येतील असा पहिला हुकूम होता. पुढे ती मर्यादा १०,००० झाली, मग २५,०००, ४०,०००, ५०,००० आणि जून २०२० मध्ये एक लाख. बँकेच्या एकूण कर्जांपैकी सुमारे सत्तर टक्के, म्हणजे ६,५०० कोटींच्या आसपास रक्कम, एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे अडकली होती आणि ती झाकण्यासाठी २१,०४९ बनावट कर्जखाती दाखविण्यात आली होती, असे तपासात पुढे आले. या समूहाचे मोठे व्यवहार आणि जमिनी वसई-विरार पट्ट्यातच होत्या. ज्या जमिनीवर आपण राहतो तिच्या किमतीचा फुगा आणि मुलुंड, भांडुप येथील निवृत्तांची अडकलेली ठेव, या दोन गोष्टी एकाच दोराने बांधलेल्या होत्या. त्या काळी ठेवीवरचे विमा संरक्षण एक लाख रुपये होते. ४ फेब्रुवारी २०२० पासून ते पाच लाख झाले. २५ जानेवारी २०२२ रोजी ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांवरील ठेवी ज्यांच्या होत्या, त्यांना उरलेले पैसे टप्प्याटप्प्याने, दहा वर्षांच्या मुदतीत मिळावयाचे ठरले. सत्तर वर्षांच्या ठेवीदाराला दहा वर्षांची मुदत देणे याचा अर्थ काय, हे समजायला अर्थशास्त्र लागत नाही.

खाडीपलीकडे रायगड जिल्ह्यात पनवेलची कर्नाळा नागरी सहकारी बँक होती. तिच्या अध्यक्षपदी चार वेळा निवडून आलेले माजी आमदार होते, आणि पक्ष शेतकरी-कामकऱ्यांचा होता. साठाहून अधिक बनावट कर्जखात्यांतून पाचशे कोटींवर रक्कम वळविल्याच्या आरोपावरून जून २०२१ मध्ये त्यांना अटक झाली आणि ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेचा परवाना रद्द झाला. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचे प्रकरण २००१-०२ मधले. बँकेचा पैसा खासगी दलालांमार्फत रोख्यांत गुंतविल्याच्या त्या प्रकरणात तत्कालीन अध्यक्ष सुनील केदार यांना २२ डिसेंबर २०२३ रोजी पाच वर्षांची शिक्षा झाली. मधल्या एकवीस वर्षांत ते पुन्हा पुन्हा आमदार झाले आणि राज्याचे मंत्रीही झाले. शिक्षेनंतर तीन आठवड्यांच्या आत उच्च न्यायालयातून त्यांना जामीन मिळाला. खटल्याचा निकाल लागला, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब. कारण बहुतेक प्रकरणांत तोही लागत नाही.

आपल्या बाजूकडेही डोळे उघडे ठेवूनच पाहिले पाहिजे, नाहीतर या लेखाला अर्थ राहणार नाही. लोकशाहीर अण्णाभाऊ साठे विकास महामंडळ हे मातंग समाजातील गरिबांना उद्योगासाठी कर्ज मिळावे म्हणून स्थापन झाले. त्याच्या निधीत तीनशे कोटींहून अधिक रकमेचा अपहार केल्याच्या आरोपावरून तत्कालीन अध्यक्षांना, जे मोहोळ या राखीव मतदारसंघाचे आमदार होते, ऑगस्ट २०१५ मध्ये अटक झाली. शिलाई यंत्रासाठी वीस हजारांचा अर्ज करणाऱ्या बाईकडून दोन जामीनदार मागणारे महामंडळ अध्यक्षांच्या सहीवर कोट्यवधी रुपये सोडत असेल, तर तो अध्यक्ष आपल्यातला आहे म्हणून आपण गप्प राहणे हा त्या बाईशी द्रोह ठरेल. मात्र त्याच वेळी आणखी एक गोष्ट नोंदविणे इतिहासाच्या शिक्षकास भाग आहे. हे अध्यक्ष सुमारे आठ वर्षे कच्चे कैदी म्हणून तुरुंगात राहिले. ऑगस्ट २०२३ मध्ये ते जामिनावर सुटले. शिखर बँकेच्या कोणा संचालकाने त्या प्रकरणात आठ आठवडे तरी तुरुंगात काढल्याचे आमच्या ऐकिवात नाही. गुन्हा सिद्ध होणे न होणे निराळे. परंतु कायद्याचा हात कोणाच्या खांद्यावर पटकन पडतो आणि कोणाच्या दाराशी अदबीने थांबतो, याला या देशात जातीचाही हिशेब आहे. आपण दोन्ही गोष्टी एकाच वेळी म्हटल्या पाहिजेत: आपल्यातला दोषी असेल तर त्याला शिक्षा व्हावी, आणि तीच तत्परता इतरांनाही लागू व्हावी.

नववीच्या वर्गात नागरिकशास्त्राच्या तासाला एका मुलाने आम्हाला विचारले, ''सर, आईचा हप्ता चुकला तर माणसं घरी येतात. मग विमान कंपनीच्या मालकाच्या घरी का नाही आली?'' प्रश्न विजय मल्ल्या यांच्याविषयी होता. हे गृहस्थ कर्नाटकातून दोनदा राज्यसभेवर गेले होते. मार्च २०१६ मध्ये देश सोडताना ते खासदारच होते, आणि बँकांचे सुमारे ९,००० कोटी थकले होते. वर्ग हसला, पण आम्ही उत्तर टाळले नाही. आम्ही फळ्यावर दोन रकाने आखले. एका रकान्यात लिहिले: ग्रामपंचायतीचा कर मागणीनंतर मुदतीत भरला नाही तर सदस्यत्व जाऊ शकते. सहकारी संस्थेचा थकबाकीदार तिच्या संचालकपदाची निवडणूक लढवू शकत नाही. दुसऱ्या रकान्यात लिहिले: आमदार किंवा खासदार होण्यासाठी उमेदवाराने आपली देणी प्रतिज्ञापत्रात सांगायची असतात; पण बँकेचे शेकडो कोटी थकविले म्हणून तो अपात्र होत नाही. शिवाय कर्ज बहुधा कंपनीच्या नावावर असते आणि बंगला कुटुंबाच्या. वर्ग आता हसत नव्हता. मुलांना दोन रकान्यांतला फरक समजला होता. घरपट्टी थकवणारा सरपंच होऊ शकत नाही, आणि बँक थकवणारा कायदे करणाऱ्या सभागृहात बसू शकतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने संसदेत सांगितले की, २०१४-१५ पासूनच्या नऊ वर्षांत बँकांनी १४.५६ लाख कोटी रुपयांची कर्जे निर्लेखित केली, आणि त्यांतील जवळपास निम्मी, ७.४० लाख कोटींहून अधिक, मोठ्या उद्योगांची व सेवाक्षेत्राची होती. निर्लेखन म्हणजे कर्जमाफी नव्हे, वसुलीचा हक्क कायम राहतो, हे खरे आहे आणि ते प्रामाणिकपणे सांगितलेच पाहिजे. पण गाळ्यात काम करणाऱ्या आमच्या एखाद्या पालकाचे कर्ज असे ताळेबंदातून बाजूला ठेवून त्याला श्वास घ्यायला सवड दिल्याचे आम्ही कधी पाहिले नाही. जून २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने तर हेतुपुरस्सर थकबाकीदारांशीही तडजोड करण्याची मुभा बँकांना दिली. हेतुपुरस्सर म्हणजे ऐपत असून न फेडणारे. भाषाच पाहा: गरिबाच्या बाबतीत 'बुडव्या', श्रीमंताच्या बाबतीत 'तडजोड'.

या प्रश्नाकडे धम्म कसा पाहतो? तथागतांनी अनाथपिंडिकास गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत; त्यांतले एक अनणसुख, म्हणजे कोणाचे काही देणे नसल्याचे सुख. विनयपिटकातील महावग्गातला एक प्रसंग तर आजच्या वर्तमानपत्रात छापावा असा आहे. बिंबिसार राजाने फर्मान काढले होते की, संघात प्रव्रजित झालेल्यास कोणी हात लावू नये. एका कर्जदाराने हे हेरले आणि तो संघात शिरला. धनको त्याला ओळखून धरायला आले, तेव्हा इतरांनी त्यांना राजाज्ञेची आठवण करून दिली. लोकांत कुजबुज सुरू झाली की, हे श्रमण कर्जबुडव्यांचे आश्रयस्थान झाले आहेत. ही गोष्ट तथागतांच्या कानी गेल्यावर त्यांनी नियम केला की, कर्जदारास प्रव्रज्या देऊ नये. आजही उपसंपदेच्या वेळी इच्छुकाला तो ऋणमुक्त आहे काय, असे विचारले जाते. संघाला मिळालेले राजाचे अभय हे संघाच्या कामासाठी होते, कोणाच्या थकबाकीसाठी नव्हते, हे ओळखून संघाने स्वतःच आपले दार बंद केले. आजच्या राजकीय पक्षांची दारे नेमकी याच वेळी उघडतात.

आमच्या तालुक्याच्या मातीतही याची साक्ष आहे. सातिवलीपासून काही मैलांवर सोपारा. तेथे सम्राट अशोकाच्या लेखाचे तुकडे सापडले आणि १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उत्खनित केला. याच सोपाऱ्यात, शूर्पारकात, नहपानाचा जावई उषवदात याने धर्मशाळा बांधल्याचे नाशिकच्या लेण्यात कोरलेले आहे. त्याच लेण्यातील दुसरा लेख आम्ही मुलांना दरवर्षी गणितासह शिकवितो. उषवदाताने भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे मूळ रक्कम कायम राखून व्याज वापरावयाची ठेव, गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. पैकी २,००० महिना शेकडा एक दराने आणि १,००० शेकडा पाऊण दराने. वर्षावासात राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यावयाचे होते. २,००० वर महिना शेकडा एक म्हणजे वर्षाला २४०. आणि वीस गुणिले बारा म्हणजेही २४०. हिशेब एका नाण्याने चुकत नाही. हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखविला, फलकावर नोंदविला आणि मग दगडात कोरला. ठेव घेणारे विणकर होते, म्हणजे कष्टकरी कारागीर. ठेव ठेवणारा राजाचा जावई होता, तरी व्यवहार बंद दाराआड झाला नाही. सुमारे एकोणीसशे वर्षांनंतरही ठेवीची रक्कम, व्याजाचा दर, कर्जदार आणि हेतू यांपैकी काहीही गुप्त नाही. आणि आपल्या काळात मोठ्या थकबाकीदारांची नावे जाहीर करा, एवढ्यासाठी माहितीच्या अधिकाराखाली लोकांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. डिसेंबर २०१५ मध्ये न्यायालयाने रिझर्व्ह बँकेची गुप्ततेची सबब नाकारली, तेव्हा कोठे थोडेफार दार किलकिले झाले.

बाबासाहेबांचे आयुष्यही ऋणाच्या जाणिवेने भरलेले होते. १९२० मध्ये अपुरा अभ्यास पुरा करण्यासाठी ते लंडनला निघाले, तेव्हा नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपये त्यांच्या गाठीशी होते. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पैशाचे मोल कोणाच्या लहरीवर अवलंबून राहू नये, ही त्यातली चिंता सामान्य मजुराच्या कमाईशी निगडित होती. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. शेतकरी आणि सरकार यांच्या मध्ये बसून खाणारा वर्ग नको, ही त्यामागची भूमिका होती. आजची बँक आणि ठेवीदार यांच्या मध्ये बसलेला पुढारी हा नवा खोत आहे, असे म्हटले तर ते अतिशयोक्त होईल असे आम्हाला वाटत नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी राजकारणातील व्यक्तिपूजेचा धोका सांगितला. कारखाना बुडविणाऱ्याच्याच वाढदिवशी ज्यांचा कारखाना बुडाला ते सभासद त्याला पेढ्यांनी तोलतात, तेव्हा त्या इशाऱ्याचा अर्थ कळतो. पुढाऱ्याचे उत्तरदायित्व केवळ न्यायालयात संपत नाही; ते आपल्या हारतुऱ्यांपाशी संपते.

मग आपल्यासारख्यांनी करावयाचे काय? सत्तेच्या मोठ्या गणिताला आपले हात पुरत नाहीत, हे मान्य. पण आपण सर्व जण कोठल्या ना कोठल्या पतसंस्थेचे, सहकारी बँकेचे, गृहनिर्माण संस्थेचे सभासद आहोत. वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस आली की आपण ती रद्दीत टाकतो, आणि सभा चहा-वड्यावर दहा मिनिटांत आटोपते. त्या सभेला जावे. अहवालातील थकबाकीचे पान उघडून संचालकांच्या व त्यांच्या नातेवाइकांच्या कर्जांची चौकशी करावी. उत्तर मिळाले नाही तर तसे इतिवृत्तात लिहून घ्यावे. आपली ठेव एकाच ठिकाणी पाच लाखांवर जाऊ देऊ नये. मत मागायला येणाऱ्याचे प्रतिज्ञापत्र वाचावे. ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येते. त्यातील देण्यांचा रकाना पाहून त्याला तोंडावर प्रश्न विचारावा. आमचा अनुभव असा की, अहवाल वाचून आलेली एक बाई सभेत उभी राहिली तर व्यासपीठावरच्या पाच जणांना घाम फुटतो.

आणि शेवटी आपल्या विद्यालयाविषयी दोन सूचना, ज्या आम्ही विश्वस्तांपुढे लेखी ठेवल्या आहेत. पहिली, विद्यालयाच्या प्रवेशद्वाराशी, जेथे आज केवळ गुणवंतांची नावे लागतात, तेथे एक हिशेबाचा फलक असावा. दर महिन्याच्या पौर्णिमेला जमा, खर्च, ठेवी कोठे व किती दराने, आणि देणी कोणाची, हे चार रकाने त्यावर भरावेत, आणि ते नववीच्या मुलामुलींनी वह्या तपासून स्वतःच्या हाताने भरावेत. दुसरी सूचना माजी विद्यार्थ्यांसाठी आहे. उच्च शिक्षणासाठी विद्यालयाच्या साहाय्य निधीतून ज्यांनी बिनव्याजी रक्कम घेतली, त्यांतील अनेक जण आज नोकरीत स्थिरावले आहेत. निधीत सध्या शिल्लक अत्यल्प आहे, आणि या जूनमध्ये बारावी झालेल्या अकरा मुलींचे अर्ज आमच्या मेजावर आहेत. त्यांना जामीनदार मागू नये असा विश्वस्तांचा निर्णय आहे, कारण आपण घेतलेले फेडणारे तुम्ही हेच त्यांचे जामीनदार आहात. ज्यांचे देणे राहिले असेल त्यांनी हप्त्याने का होईना, वर्षावास संपण्यापूर्वी ते कार्यालयात भरावे आणि पावती घ्यावी. पावतीचा क्रमांक फलकावर लागेल.